बहिणीचं घ्यायचं नसतं म्हणे

सर्जा, तू जाऊन बारा दिवस झाले आणि बारा दिवस मी एकाच प्रश्नाला उत्तर देते आहे. नेसरीच्या आपल्या घरी भेटायला येणारा प्रत्येक माणूस पायरीशी चपला काढतो, भिंतीला टेकून बसतो, 'वाईट झालं' म्हणतो आणि मग मान पुढे काढून विचारतो, "किडनीचा पेशंट हुता न्हवं सर्जेराव? मग हार्टनं कसा गेला?" म्हणजे तू तिकीट एका गाडीचं काढलंस आणि बसलास दुसऱ्याच गाडीत. पहिले तीन-चार दिवस मी सगळ्यांना समजावून सांगितलं. नंतर कंटाळले. परवा वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्यांनी तेच विचारलं तेव्हा मी म्हटलं, "त्यालाच इचारा की आबा. मला काय म्हाईत?" तुझी मंगल माझ्याकडे बघतच राहिली. मी उठून परड्यात गेले आणि म्हशीशेजारी उभी राहून घेतलं रडून.

मला माहीत आहे सर्जा, तू हार्टनं कसा गेलास ते. तुलाही माहीत होतं. आपल्या दोघांना एकाच खोलीत, एकाच वेळी, कुणीतरी नीट सांगितलं होतं.

सव्वातीन वर्षं झाली त्याला. बी.पी.ची गोळी तू 'आता बरं वाटतंय' म्हणून परस्पर सोडून दिलीस, त्या बी.पी.नं तुझ्या दोन्ही किडन्या खाल्ल्या आणि कोल्हापुरात तुझं डायलिसिस सुरू झालं. गडहिंग्लजला सोय होती, जवळ होती. पण तिथं गावचं कुणी बघेल, म्हणून तू एस.टी.नं एवढ्या लांब यायचास आणि आदल्या दिवशी कळंब्याला माझ्याकडे उतरायचास. पहिल्याच महिन्यात डॉक्टर मॅडमनी आपल्याला समोर बसवलं.

"किडनी बंद पडली की नुसती किडनी बंद पडत नाही," त्या म्हणाल्या. "लघवीवाटे जायचं पाणी अंगात राहतं. रक्त वाढतं, दाब वाढतो. तो सगळा भार कोण ढकलतं? हृदय. ढकलून ढकलून त्याची भिंत जाड होते." आणि त्यांनी स्वतःची मूठ वळून दाखवली.

तू खूश झालास. "म्हंजे पैलवान झालंय म्हणा की मॅडम."

त्या हसल्या नाहीत. "दंड जाड झाला तर माणूस पैलवान होतो, सर्जेराव. हृदयाची भिंत जाड झाली की आतली जागा कमी होते. ते ताठर होतं आणि एक दिवस दमतं." मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, ती मला तेव्हा नीट कळली नाही. रक्तातला फॉस्फरस किडनी बाहेर टाकते. ती टाकेनाशी झाली की तो साचतो, आणि हळूहळू रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुन्यासारखा थर बसायला लागतो. मऊ असलेली नळी कडक होत जाते. "माझे डायलिसिसवरचे पेशंट बहुतेक वेळा किडनीनं जात नाहीत," मॅडम म्हणाल्या, "हृदयानं जातात. किडनी चोवीस तास काम करते, आमचं मशीन तुम्हाला आठवड्याचे आठ तास देणार. उरलेले सगळे तास हृदयाच्या अंगावर. म्हणून सांगते, लवकरात लवकर किडनी बदला. घरात देणारं कुणी आहे?"

बायको म्हणून मंगलचं नाव आधी, पण तिला साखर, तिचा प्रश्नच नव्हता. पोरगी शाळेत. मी म्हटलं, "मी हाय की. मी देतो."

इतकं सोपं होतं ते. माझ्या तोंडून ते 'चहा ठेवतो' म्हणावं तसं निघून गेलं. घरी विचारायचं राहिलं होतं, पण तुझे दाजी काय म्हणणार हे मला माहीत होतं, आणि संध्याकाळी ते तसंच म्हणाले, "सख्खा भाऊ हाय. दे."

पण तू मॅडमसमोर हात जोडलेस. "आमच्यात बहिणीचं घेत न्हाईत मॅडम. बहिणीला द्यायचं असतं. घ्यायचं नसतं."

त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. एवढं शिकलेलं माणूस, पण याला औषध त्यांच्याकडे नव्हतं.

आणि मग दवाखान्याबाहेर, लिंबाच्या झाडाखाली, मोटारसायकली लावतात तिथं, मी ते वाक्य बोलले. माझी जीभ तिखट आहे हे अख्ख्या भावकीला माहीत आहे, पण तुझ्यावर ती अशी कधी चालली नव्हती. "रान घेतलंस तवा बहिणीचं चाललं व्हय रं तुला?"

तू माझ्या हातातली रिपोर्टांची पिशवी घेतलीस आणि स्टँडच्या रिक्षात बसलास. त्या दिवशी तू माझ्या घरी जेवायलाही आला नाहीस.

आता तू नाहीस तर ते रानाचंही बोलून टाकते. आण्णा गेले, त्यांचं वर्षश्राद्ध झालं, आणि दुसऱ्या आठवड्यात तू मला गडहिंग्लजला बोलावलंस. कचेरीच्या व्हरांड्यात कागद तयार होता. हक्कसोड. बापाच्या जमिनीत माझा काही हक्क नाही, तो मी भावासाठी सोडला, असं लिहून द्यायचं. तू बोट ठेवलंस आणि म्हणालास, "हितं सही कर आक्का." मी केली. गावातल्या सगळ्याच बहिणी करतात. वाटणी घेतली की माहेर तुटतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. सही झाल्यावर तू मला दुकानात नेऊन हिरवी साडी घेतलीस आणि मी ती आनंदानं नेसलेही.

मला रान नको होतं. कळंब्यात माझं घर आहे, पुढच्या खोलीत माझं शिलाईचं काम चालतं, ब्लाऊज शिवून घ्यायला बायका लांबून येतात. मला काय कमी होतं? पण सर्जा, तू विचारलं नव्हतंस. 'आक्का, देतीस का?' एवढे तीन शब्द. ते विचारले असतेस तर मी त्याच व्हरांड्यात तुझ्या तोंडात साखर घातली असती. तू कागदच घेऊन आलास. ते कुठंतरी खोल रुतून बसलं होतं, मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, आणि नेमकं तुझा जीव वाचवायच्या दिवशी ते वर आलं.

त्यानंतर तू किडनीचं नाव काढलं नाहीस. मीही नाही. दोघंही एकाच आईची पोरं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ना, तसलं आपलं खानदान. डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी, म्हणून दर सोमवारी आणि गुरुवारी तू यायचास आणि येताना पिशवी आणायचास. तांदूळ, शेंगा, वांगी, घरचं तूप. ज्या हातात डायलिसिससाठी शीर फुगवली होती त्या हातानं ओझं उचलायचं नाही, असं नर्सनं किती वेळा सांगितलं. तू नेमकी त्याच हातात पिशवी धरून दारात उभा. मी ओरडायची. तू म्हणायचास, "रिकाम्या हातानं बहिणीच्या दारात येऊ व्हय?"

मला तुझ्या शेंगा नको होत्या रे. तुझ्या अंगातलं पाणी कमी व्हायला हवं होतं.

डायलिसिसच्या आधी वजन करतात. मागच्या खेपेपेक्षा जेवढं वाढलं तेवढं पाणी, तेवढा हृदयावर बोजा. तू काट्यावर चढायच्या आधी पट्टा काढायचास, पाकीट माझ्याकडे द्यायचास, एकदा तर मोबाईल पण काढून दिलास. तरी काटा चार किलो जास्त दाखवायचा. नर्स म्हणाली, "काय पिलासा मामा?" तू शपथेवर सांगितलंस, पाणी मोजून पितो. मग खोदून विचारल्यावर कळलं की गावात बारसं होतं. "रस्सा पिलो थोडा. रश्श्याला पाणी धरत्यात व्हय?" त्या दिवशी अख्खा वॉर्ड हसला. मीही हसले. लाज वाटते आता. जेवणाच्या घासाबरोबर चावायची फॉस्फरसची गोळी तू चारचौघांत कधी घेतली नाहीस, पंगतीत गोळ्या चावताना बरं दिसत नाही म्हणून. डबी माझ्या शिलाईच्या खणात पडून असायची, बटणांशेजारी.

आणि खाडे! महिन्यातून एखादा वार तू यायचाच नाहीस. फोन केला की, 'एस.टी. चुकली.' 'उसाला तोड आली.' 'पावणं आल्यात.' एकदा असाच मंगळवार चुकवून शुक्रवारी आलास तो धापा टाकत. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडून राहत होता. आडवं पडता येत नव्हतं, तक्क्याला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घेत होतास. मॅडमनी हृदयाची टू-डी इको करायला लावली. "पंपिंग कमी झालंय," त्या म्हणाल्या, आणि मग तुझ्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे असे खाडे हृदयाला परवडत नाहीत." बाहेर आल्यावर मी तुला फाडून खाल्लं. "जिवापरास ऊस म्होटा झालाय व्हय तुझा?" तू मान खाली घातलीस. तुझ्या या मान खाली घालण्याचा मला इतका राग यायचा, सर्जा. उलटा बोलला असतास तर भांडता तरी आलं असतं.

तू काही वाईट भाऊ नव्हतास. ते लिहायला नको इतकं खरं आहे, पण या रागात मी ते विसरेन म्हणून लिहिते. तुझ्या दाजींचा शिरोलीतला कारखाना बंद पडला तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास. कुणी सांगितलं नसताना आईचं शिलाई मशीन एस.टी.च्या टपावर बांधून घेऊन आलास. प्रत्येक थांब्यावर खाली उतरून ते जागेवर आहे का बघत होतास, कंडक्टर वैतागला होता, असं तूच सांगितलंस. त्या मशीनवर माझा संसार उभा राहिला. त्याबद्दल मी तुला कधी बरं म्हटलं नाही. बहीण-भावात असलं बोलत नाहीत. आपल्यात काय बोलतात आणि काय बोलत नाहीत, याची ही यादीच आपल्याला महागात पडली.

गेल्या भाऊबीजेला मी ओवाळलं. तू ताटात ओवाळणी घातलीस आणि पाटावरून उठलाच नाहीस. म्हणालास, "आक्का, आवंदा मी बी मागणार हाय."

"काय?"

"किडनी दे."

मी निरांजन खाली ठेवलं. मी तुला मिठी मारली, तुला मारलं पण, पाठीत दोन चांगल्या बुक्क्या. अडीच वर्षांनी अक्कल आली म्हणाले. आता का, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, माणूस मरणाला भ्याला. भिऊ दे की, भ्यायला हवंच होतं. दुसऱ्या दिवशीपासून मी पळायला लागले. माझ्या तपासण्या एकामागून एक झाल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. या वयात माझ्या दोन्ही किडन्या उत्तम आहेत म्हणून डॉक्टरांनी माझं कौतुक केलं, आणि मी ते शाळेत पहिला नंबर आल्यासारखं घरी सांगितलं.

मग तुझ्या तपासण्या झाल्या.

ऑपरेशन करणारे डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी कॉम्प्युटरवर तुझ्या पोटाचा फोटो लावला. कण्याची हाडं पांढरी दिसत होती. आणि त्यांच्या पुढून दोन बाजूंना जांघेकडे जाणाऱ्या दोन रेघा, त्याही तेवढ्याच पांढऱ्या. "ही हाडं नाहीत," ते म्हणाले. "या धमन्या आहेत. नवीन किडनी आपण इथं ठेवतो आणि तिची नळी या मोठ्या धमनीला शिवतो. पण ह्यांच्या धमनीत सगळीकडे कॅल्शियम बसलंय. टाका धरणार नाही. चिमटा लावायला गेलो तर फुटेल." आणि वर तुझं पंपिंग. भूल द्यायची जोखीम कुणी घेणार नव्हतं.

मी काय बोलले ठाऊक आहे ना? मी म्हटलं, "जाड सुई लावून बघा की डॉक्टर." तीस वर्षं शिवतेय मी. न शिवता येणारं कापड मी बघितलेलं नाही. डॉक्टर हसले नाहीत, ते बरं झालं. मी विचारलं, "दोन-अडीच वर्षांपूर्वी आलो असतो तर?" त्यांनी तुझा फोटो बंद केला. मग म्हणाले, "तेव्हाचं आता मी कसं सांगू, ताई?" म्हणजे काय ते मला समजलं. तुलाही समजलं. तू खिडकीबाहेर बघत होतास.

पुढे सात महिने गेले. तू शहाण्यासारखा वागलास, पाणी मोजून प्यालास, गोळ्या पंगतीतसुद्धा चावल्यास. वरातीमागून घोडं. मंगळवारी सकाळी तुझी आंघोळ झाली, शर्ट घातलास, माझ्यासाठी भरलेली पिशवी दारात ठेवलीस आणि चपला घालायला पायरीवर बसलास. आदल्या दिवशी तू मुक्कामाला आला नव्हतास, थेट सकाळच्या गाडीनं येतो म्हणाला होतास. मी बिनमिठाचं पिठलं करून वाट बघत होते. मंगलचा फोन आला तेव्हा मला वाटलं, परत एस.टी. चुकली. मी फोन उचलून आधी ओरडलेच.

हे सगळं मी पचवलं असतं. दहाव्यानंतर मंगलनं कपाट उघडलं आणि एक कागद माझ्या मांडीवर ठेवला.

सातबारा होता. ओढ्याकाठच्या रानाचा, विहिरीच्या वरच्या अंगाचा. त्यावर माझं नाव होतं.

"वन्सं," मंगल म्हणाली, "त्येनी सांगू नगं म्हणून शपथ घातली हुती. तुम्ही त्या दिवशी दवाखान्यात बोलला न्हवं, त्या रात्री जेवलं न्हाईत. मला म्हणालं, आक्काचं रान आधी आक्काच्या नावावर करतो, मगच तिच्या म्होरं हात पसरतो."

आणि मग सगळं बाहेर आलं. तू बक्षीसपत्र केलंस, त्याला लागणारी माझी सही दवाखान्याच्या कागदांत मिसळून घेतलीस. चुलत्यानं हरकत घेतली, सामाईकातलं बांधावरचं जुनं भांडण उकरून काढलं. मोजणी मागवली, ती पुढे गेली, परत मागवली. तलाठी बदलला, नव्याला पहिल्यापासून सांगायला लागलं. तारखा पडत गेल्या. ज्या मंगळवारी आणि शुक्रवारी एस.टी. चुकली होती, उसाला तोड आली होती, पावणे आले होते, त्या दिवशी तू गडहिंग्लजच्या कचेरीत बाकावर बसला होतास. अंगात चार किलो पाणी घेऊन. दिवाळीच्या आधी नाव लागलं, आणि भाऊबीजेला तू ताठ मानेनं माझ्याकडे मागायला आलास.

"मग मला सांगितलं का न्हाई त्यानं?" मी विचारलं.

"ऑपरेशन झाल्यावर सांगू म्हणालं. आदी सांगितलं तर आक्का कागूद फाडंल म्हणालं."

फाडलाच असता. तेवढं तू मला ओळखत होतास. मग बाकीचं का नाही ओळखलंस?

मी बारा दिवस तुझ्यावर चिडले आहे आणि आज जास्त चिडले आहे, सर्जा. लोकांना वाटेल, केवढा मोठा भाऊ, केवढं स्वाभिमानी माणूस. काल भावकीतला एक जण म्हणालाही, "देवमाणूस, बहिणीचं बहिणीला दिऊन गेला." मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. कसला देवमाणूस! माझी सही घेतल्यापासून पंधरा वर्षांत जे करायला तुला सवड नव्हती ते तू नेमकं अंगातल्या धमन्या चुन्यानं भरत असताना करायला बसलास. तुझ्या हृदयाला काय माहीत, तू कचेरीत चांगल्या कामाला गेलायस की पंगतीला? खाडा तो खाडाच.

आणि मलाही मी सोडत नाही. ते एक वाक्य मी बोलले नसते तर? तू सहा महिने हट्ट केला असतास, मी रडले असते, मंगल पाया पडली असती आणि तू कुरकुरत तयार झाला असतास. तेव्हा टाका धरला असता. मी रागात एक बोलले आणि तू ते कोर्टाच्या हुकमासारखं पाळलंस. अरे, बहीण आहे मी तुझी. रागाच्या भरात बोललेलं वाक्य चार दिवसांनी विसरायचं असतं, एवढं साधं तुला कळू नये? एकदा दारात येऊन भांडला असतास, 'व्हय, घेतलं रान, काय करायचं ते कर, आता किडनी पण दे' म्हणाला असतास, तर मी आधी शिव्या दिल्या असत्या आणि मग पोट उघडून दिलं असतं. तू कधीच मला विचारलं नाहीस. रान घेताना विचारलं नाहीस आणि परत देतानाही विचारलं नाहीस. दोन्ही वेळा माझ्या वतीनं तूच ठरवून मोकळा झालास.

आता विहिरीवरचं रान माझ्या नावावर आहे आणि दोन्ही किडन्या माझ्या अंगात आहेत. डॉक्टर म्हणाले तशा उत्तम आहेत. मी त्यांचं काय करू, सांग.

उद्या तेरावं आहे. लोक येतील, जेवतील, तुझं नाव काढतील. मी वाढायला उभी राहणार आहे, कुणाशी काही बोलणार नाही. जे बोलायचं ते तुझ्याशीच होतं आणि ते एवढंच होतं. मी तुला किडनी देत होते, सर्जा. विकत नव्हते.